नरसिंहाचा रंग उतरवताना

माझे वडील शिंपी आहेत. ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहितो आहे, त्याच्या आदल्या वैशाखापासून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे बधिर होऊ लागली होती. ही गोष्ट घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. आमचे गाव मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेपासून आत, गाडीवाटेने गेल्यावर लागते. गावात शिंपी एकच. त्याचा हात गेला असे एकदा लोकांना कळले की माणसे कापड बगलेत मारून सरळ मालेगावच्या दुकानात जातील, अशी वडिलांना धास्ती होती. म्हणून सुईत दोरा ओवायची वेळ आली की ते मायला हाक मारीत आणि म्हणत, "डोये चुरचुरून राह्यले." ओसरीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला ते खरे वाटे.

मला हे दिवाळीच्या सुट्टीत कळले. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात सायन्सला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एके दिवशी माय पाण्याला गेली होती आणि वडील ओसरीवर एकटे सुईशी झटत होते. दोरा सुईपर्यंत जाई आणि बाजूला पडे. सुई चिमटीत आहे की सुटली, हे त्यांना बोटांकडे पाहून ठरवावे लागत होते. मी दारात उभा असलेला दिसताच त्यांनी सुई टोपीत खोचली आणि विचारले, "कॉलेजात काय शिकवून राह्यले सध्या?"

अस्तराचे कापड आणायच्या निमित्ताने मी त्यांना वाशीमला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्यांची मान वळवून पाहिली, बोटांना टाचणी टोचली आणि विचारले, "डोक्यावर ओझं वाहता का?"

"नाई जी," वडील म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. ज्याला मी ओझे म्हणत होतो त्याला त्यांनी कधी ओझे म्हटलेच नव्हते. मीच भीत भीत म्हणालो, "वैशाखात नरसिंहाचा मुखवटा घालून नाचतात. फार जड आहे."

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. वर्षभर मान खाली घालून शिवायचे आणि मग एके दिवशी तिच्यावर एवढा भार घेऊन उड्या मारायच्या, याने मणके दबले आहेत, असे त्यांनी सांगितले. पुन्हा तसे झाले तर हात परत येईल असे मी म्हणू शकत नाही, असेही सांगितले. परत येताना मोटारीत वडील अस्तराचे कापड मांडीवर ठेवून बाहेर पाहत बसले होते.

आमच्या गावी वैशाखात नृसिंह चतुर्दशीला दिवस मावळताना हे सोंग निघते. देवळापुढे बांबूच्या कामट्यांना कागद चिकटवून खांब उभा करतात. सोंग घेणारा आधीच आत जाऊन बसतो आणि सूर्य टेकला की खांब फाडून बाहेर उडी घेतो. तिथून डफ आणि झांजांच्या तालावर गावभर नाचायचे. सोंगाचा हक्क आमच्या घराकडे आहे. आजोबांनंतर वडील नाचत आले. मुखवटा देवळात गुरवकाकांच्या ताब्यात असतो. ज्याचा नवस फेडायचा असेल त्या घरच्यांनी सोंगाच्या आधी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून मुखवट्याला एक हात द्यायचा, अशी रीत आहे. एकदा दिलेला रंग कोणी काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर बसत गेले होते. गुरवकाकांचे वडील लहान असताना तो मुखवटा एका हाताने खुंटीवर टांगता येई. आमच्या वेळेला तो दोघांनी उचलून वडिलांच्या डोक्यावर ठेवावा लागे, आणि खाली जाड चुंबळ घालावी लागे.

परीक्षा देऊन मी चैत्रात घरी आलो तेव्हा चतुर्दशी महिन्यावर आली होती. मी विषय काढला.

"बाबा, यंदा सोंग दुसऱ्याले द्या."

"काहून दिलं म्हनून लोक इचारतीन. काय सांगू त्याईले?"

"मग मी घेतो."

वडिलांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुह्या मानेत तेवढा जोर नाई, पोरा. अन् तुले नाचतानी पाह्यलं तर हिरण्यकश्यपू मरायच्या आधी हासीन."

माय चुलीजवळून हसली. मीही हसलो. पण तेवढ्यात वडिलांनी उजवी मूठ दोनदा उघडून मिटली. त्यांना वाटले कोणी पाहिले नाही.

मुखवटा हलका करावा, हे मला त्यानंतर सुचले. त्यात हुशारी काही नव्हती. भीतीने माणूस एकाच गोष्टीभोवती फिरत राहतो, तसा फिरता फिरता मी तिथे पोचलो. वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ कापडावर खडूने रेघा ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "जमलं तर पाह्य. पन हाताचं कोनाजवळ काढू नको."

मालेगावला बैलबंड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक चाचा होते. त्यांना जुना रंग काढायची सवय असणार म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. ते एका बंडीच्या चाकाला हिरवा रंग देत होते. मी सगळे सांगितले, हाताचे सोडून.

"लकडीचा हाय का?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही, चाचा. कोणालाच माहीत नाही."

"लकडीचा असन तर कास्टिक सोडा पान्यात घाल अन् लाव. रंग साबनावानी निंगते. लकडीचा नसन, तर मले इचारू नको."

"तुम्ही येऊन पाहाल का?"

"ना बेटा. बंडी बिघडली तर बंडीवाला शिव्या देते. देवाचं तोंड बिघडलं तर गाव मलेच खरडीन." असे म्हणून त्यांनी मला एका बाटलीत थोडे टर्पेंटाइन दिले आणि परत चाकाकडे वळले.

साबणाची गोष्ट मला पटली. तेल आणि कास्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो, हे आम्ही प्रयोगशाळेत केले होते. जवसाच्या तेलाचे थर आहेत, म्हणजे त्यांचाही होईल. वहीत हे सरळ दिसत होते. पण मुखवट्यावर हात टाकायची माझी छाती होईना. आधी मी देवळात जाऊन तो नुसता पाहिला. गुरवकाकांनी तो पालथा करून दिला. कानाच्या मागच्या कडेला उंदराने कुरतडले होते आणि तिथे कापडाच्या दशा बाहेर आल्या होत्या. मी नाक जवळ नेले. मेथीचा कडवट वास आला.

तो वास मला पाठ होता. माय उन्हाळ्यात रद्दी कागद भिजवते, त्यात मेथ्या वाटून घालते म्हणजे कीड लागत नाही, आणि त्या लगद्याची टोपली करते. म्हणजे हा मुखवटा लाकडाचा नव्हता. चिंचोक्याच्या खळीत बुडवलेले धोतराचे तुकडे आणि कागदाचा लगदा, एवढ्यावर आमचा नरसिंह उभा होता.

घरी येऊन मी मायचे एक जुने टोपले मागितले. त्याला तिने पूर्वी बाहेरून तेलाचा रंग दिला होता. अंगणात बसून मी त्यावर कास्टिक सोड्याचे पाणी बोळ्याने लावले. रंग खरोखरच सुटला, साबणासारखा बुळबुळीत होऊन निघाला. मला आनंद झाला आणि मी जरा दाबून पुसले. बोट आरपार गेले. टोपल्याची एक बाजू लापशीसारखी बसली.

माय मागे उभी होती. तिने ते टोपले उचलून पाहिले आणि म्हणाली, "देव वाचला. माहं टोपलं गेलं."

पाणी चालणार नव्हते. जाळून काढायचे तर कापड पेटले असते. टर्पेंटाइनने वरचे ताजे थर थोडे मऊ पडले असते, खालचे जुने थर मात्र दगडासारखे झाले होते. राहिले एकच, कोरडे खरडणे. आणि खरडताना कुठे थांबायचे हे कळले नाही तर देवाच्या गालातून हात आत जाणार.

त्याआधी गावाची परवानगी हवी होती. गुरवकाका म्हणाले, "नवस कुठी खरडता येते का, लेका? पन ज्याचा त्यानं हो म्हनलं तर मी कोन आडवा येनार? घरोघर जाय." मी घरोघर गेलो. थर तडकले आहेत, पोपडे पडतील, देवाचे तोंड खराब दिसेल, असे मी सगळ्यांना सांगत होतो. वरचे थर तडकले होते, हे खरेच होते. पण खरे कारण ते नव्हते, आणि दर दारात माझा आवाज बारीक होई. एका म्हाताऱ्याने पाटावर बसल्या बसल्या सांगितले, "आमचा नवस बैलासाठी होता. थो बैल मरून गेला. काढ." एक सून आत सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "काढा, भाऊजी. पन आमच्या बुढीच्या वाटचा आधी काढा." बाकीच्यांनी वडिलांच्या शब्दावर हो म्हटले.

तेलघाण्याच्या घरच्या काकूंनी मात्र नाही म्हटले. त्यांचा एकुलता मुलगा लहानपणी मुदतीच्या तापाने जायला टेकला होता. तो वाचला, आता घाणा तोच चालवतो. नवस फेडायच्या वेळी लढाईमुळे बाजारात शेंदूर मिळेना, म्हणून काकूंनी तेलात कपड्यांची नीळ कालवून मुखवट्याला निळा हात दिला होता. नरसिंह एक वर्ष निळा नाचला, हे अजून गावात सांगतात.

"वरचे काढा," काकू म्हणाल्या. "माह्या रंगाले हात लावू नका. थो रंग नाई, माह्या लेकराचा जीव हाय."

मी मान हलवली. वरचे निघाल्यावर पाहू, असे मनाला सांगितले. मला वाटते, त्या दिवसांत मी बहुतेक गोष्टी अशाच पुढे ढकलत होतो.

देवळाच्या सावलीत वडिलांच्या दुकानातल्या चिंध्यांचा ढीग करून त्यावर आम्ही मुखवटा उताणा ठेवला. खाली जुने धोतर अंथरले, कारण चुरा जमिनीवर पडू द्यायचा नाही, अशी गुरवकाकांची अट होती. बाटलीच्या काचेचे तुकडे घेऊन मी कपाळापासून सुरुवात केली. वडील शेजारी बसून हाताने शिवायची कामे करीत, म्हणजे तसे दाखवीत. टर्पेंटाइनचा बोळा फिरवून ठेवायचा, मग काच आडवी धरून हलके ओढायची. शेंदरी भुगा निघे. त्याखाली पिवळा, मग पुन्हा शेंदरी, मग काळपट. माझा हात घामाने घसरायचा. काच नाकाच्या शेंड्याजवळ आली की मी श्वास धरून बसे. वडील पाहत असत. ते एकदाच म्हणाले, "कापड फाटलं तर शिवता येते. घाई नको करू."

असे करता करता एका दुपारी सगळा चेहरा निळा झाला.

मी काच खाली ठेवली. मुखवटा उचलून पाहिला. हलका झाला होता, पण फार नाही. निळ्याच्या वरचे थर थोडे होते. जड ते सगळे खाली होते, जुने, गाव आठवत नाही तेव्हापासूनचे. आणि मध्ये काकूंचा पातळ निळा थर आडवा पडला होता. चतुर्दशी जवळ येत होती. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतःच देवळात आल्या. गावात बातमी गेली होती की देव निळा निघाला.

त्या मुखवट्यासमोर उकिडव्या बसल्या. मग त्यांनी गालावर बोट टेकवले.

"हाच हाय," त्या म्हणाल्या. "जसा लावला तसाच हाय. कुठी तडकला? तू तं म्हने तडकले."

मी सांगू लागलो. वरच्या थरांचे, हवेचे, तेल वाळण्याचे काहीतरी माझ्या तोंडून निघू लागले. ते मलाच परके वाटत होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलेच नाही. त्या वडिलांकडे वळल्या.

"मास्तर, तुमी सांगा. खरं काहून खरडून राह्यले?"

शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. वडिलांनी हातातले कापड बाजूला ठेवले. टोपीत खोचलेली सुई काढली. दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून ते ओवू लागले. दोरा गेला आणि बाजूला पडला. त्यांनी पुन्हा ओले केले. मला उठून सुई हातातून घ्यावीशी वाटली, पण मी हललो नाही. आता सुईच चिमटीतून निसटून त्यांच्या मांडीवर पडली आणि त्यांना ते कळले नाही. रिकामी चिमूट तशीच डोळ्यांसमोर धरून ते दोरा पुढे नेत होते.

काकूंनी मांडीवरची सुई उचलून त्यांच्या हातात दिली.

"कधीपासून?"

"मागच्या सोंगापासून."

"माह्या पोराच्या लग्नाचा सदरा तं तुमीच शिवला."

"शिवला मीच. काजे-बटन घरच्या मानसानं केले. कोनाले सांगू नका बाई."

काकू उठल्या आणि निघून गेल्या. वडील म्हणाले, "ठेव आता. निळाच नाचू यंदा." त्यांचा आवाज साधा होता, पाऊस आला तर कापड आत घे म्हणावे तसा. मी चिंध्या नीट करू लागलो. करण्यासारखे दुसरे काही नव्हते.

थोड्या वेळाने काकू परत आल्या. त्यांच्या हातांना कच्च्या कैरीचा वास होता आणि मुठीत कैऱ्या सोलायची शिंपली होती, नदीतल्या शिंपल्याची पाठ घासून मध्ये भोक पाडलेली. घरोघर लोणच्याचे दिवस होते. त्या मांडी घालून बसल्या आणि मुखवटा त्यांनी पोर घ्यावे तसा चिंध्यांसकट मांडीवर ओढला.

"मी लावला, मीच काढीन. तुमी कोनी हात लावू नका."

शिंपली गालाच्या गोलाईवरून बरोबर फिरत होती. निळा भुगा त्यांच्या लुगड्यावर पडत होता. त्या देवाशी बोलत होत्या, हळू, पण आम्हाला ऐकू येईल इतपत. "पाह्य बाप्पा, काढून राह्यली, पन फिरवून नाई घेऊन राह्यली. दिलं थे दिलं. तू ध्यानात ठेव."

डोळ्याच्या खोबणीतला निळा निघेना. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळून घासून पाहिले, मग तेवढा ठिपका तसाच राहू दिला.

निळा गेल्यावर खालचे थर मी आणि गुरवकाकांनी काढले. गोलाईला शिंपली आणि सपाटीला काच, असे आमचे ठरून गेले. हे सगळ्यांत अवघड दिवस होते. खालचे थर इतके घट्ट होते की जोर लावावा लागे, आणि जोर लावला की टोपल्यात गेलेले माझे बोट आठवे. मी दर थोड्या वेळाने खरडलेल्या जागेला नाक लावून पाही. जवसाचा जुनाट वास येत होता तोवर पुढे जायचे. मग पांढऱ्या खडूचा पातळ थर लागला, आणि त्याच्याआडून अगदी अंधुक मेथी आली. तिथे मी थांबलो. प्रत्येक जागी असेच थांबत गेलो. गुरवकाका हसले, "कॉलेजात नाकानं शिकवते का रे?" पण पुढे तेही नाक लावून पाहू लागले. जबड्याजवळ एका ठिकाणी मी तरीही चुकलो. काच आत गेली आणि कापडाला चीर पडली. वडिलांनी चीर पाहिली, मायला चिंचोक्याची खळ शिजवायला सांगितली आणि अस्तराची पट्टी कापून आतून चिकटवली. डाव्या हाताने.

सगळे निघाले तेव्हा, डोळ्यातला तो निळा ठिपका सोडला तर, मुखवटा पांढरा फटफटीत दिसत होता. भिववणारे त्याच्यात काही नव्हते. आजारातून उठलेल्या माणसासारखा दिसत होता. गुरवकाकांनी धोतरात जमलेला चुरा गाठोडे बांधून उचलला, तो एका हाताने पेलेना म्हणून दुसरा हात लावला. ते गाठोडे त्यांनी देवळामागच्या बेलाखाली पुरले. मुखवटा मात्र त्यांनी एका हाताने खुंटीला टांगला, आणि टांगल्यावर स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले.

तसा पांढरा देव बाहेर काढता येणार नव्हता. पहिला हात काकूंनी द्यावा, असे गुरवकाका म्हणाले. त्या घरचे तेल आणि शेंदूर वाटीत कालवून घेऊन आल्या, कापसाचा बोळा बुडवून उचलला. माझ्या तोंडून निघून गेले, "पातळ लावा ना, काकू."

"तेल माह्या घरचं, हात माहा, अन् पातळ तू सांगतं?" त्या म्हणाल्या. पण त्यांनी बोळा वाटीच्या काठावर पिळला.

उन्हे कडक होती, तरी तेल वाळेल की नाही याची मला चिंता होतीच. वाळले. डोळे आणि मिशा गुरवकाकांनी काजळीने रेखल्या.

चतुर्दशीला दिवस कलला तसा मी खांबाच्या मागे जाऊन उभा राहिलो. वडील आत बसले होते. त्यांच्या कमरेला शेला बांधला होता आणि त्याची दोन टोके धरून दोन माणसे बाहेर होती, दर वर्षीसारखी. डफ वाजू लागला. लक्ष फक्त त्यांच्या मानेकडे ठेवायचे, असे मी ठरवले होते. जरा वाकडी झालेली दिसली तर मी थांबवीन, मग लोक काहीही म्हणोत.

सूर्य टेकला आणि कागद फाटला. वडिलांनी उडी घेतली, आणि तोल गेला.

ते सरळ डफवाल्याच्या अंगावर गेले. गर्दी मागे सरली. शेला धरणाऱ्यांनी जोराने खेचले, मुखवटा एका बाजूला कलला आणि वडिलांचा एक गुडघा जमिनीला लागला. माझ्या मनात एकच आले की मान गेली, हात गेला, आणि हे मी केले. मी पुढे धावलो, पण माझ्या पुढच्या माणसाने मला दंडाला धरून मागे ओढले. सोंगाला कोणी शिवायचे नसते.

वडील तसेच राहिले, गुडघ्यावर. मग त्यांनी दोन्ही हातांनी मुखवटा सरळ केला, उठले, आणि एक पाऊल टाकून पाहिले. मग दुसरे. डफवाल्याने ताल हळू केला. ते नाचू लागले, पण दर वर्षीसारखे पाठ मागे ताणून नाही. नवा नाच शिकणारा माणूस पावलाकडे लक्ष ठेवून नाचतो तसे. पुढच्या वळणापर्यंत त्यांना तो जमला. गर्दीतून काकूंचा आवाज आला, "आज देव जवान दिसून राह्यला."

मी गावभर त्यांच्या मागे चाललो. डफ माझ्या कानांत जात नव्हता.

घरी आल्यावर मायने त्यांच्या मानेला कोमट तेल लावले. मी विचारले, "पडले कसे?"

"पडलो नाई. इतक्या सालांची सवय. वजन मांगे ओढते म्हनून मी आधीच पुढे झोकून देतो. झोकलं, तं मांगे कोनी ओढलंच नाई." त्यांनी मान मायच्या हाताखाली जरा वाकवली. "मले वाटलं, आत देवच नाई. मंग ध्यानात आलं, रंग नाई."

"अन् हात?"

"सकाय पाहू."

सकाळी ते मशीनपाशी बसले तेव्हा मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो, वर्तमानपत्राचा जुना कागद हातात धरून. माय आत भाकरी थापत होती, पण थापण्याचा आवाज थांबला होता. वडिलांनी टोपीतली सुई काढली. दोरा ओला केला. तो बाजूला पडला. त्यांनी बोटे एकमेकांवर चोळली, सुई उजेडाकडे धरली आणि पुन्हा नेला. पुन्हा बाजूला. मी कागदाकडे पाहू लागलो. वर पाहिले तेव्हा दोरा पलीकडून निघाला होता आणि ते त्याला गाठ मारत होते. बोटे बरी झाली नव्हती. त्यांनी गाठ दातांनी ओढली. पण माय सांगे, मागच्या साली सोंगाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना सुई धरताच आली नव्हती, आणि आज ती त्यांच्या चिमटीत होती.

आत भाकरीचा आवाज सुरू झाला.

तेवढ्यात गुरवकाका अंगणात आले. ते बसले, त्यांनी तंबाखू मळली आणि सांगितले की रात्रीच दोन घरे येऊन गेली. एकीला नातू हवा आहे, एकाची विहीर लागायची आहे. पुढच्या साली दोघांनाही हात द्यायचा आहे.

वडिलांनी मान वर केली नाही. कापडावर पहिला टाका घालत ते म्हणाले, "पातळ लावा म्हना."